उष्टावण तुम्ही आल्यावरच

नौपाडा, ठाणे
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे दादाकडून कळले आणि जीव भांड्यात पडला. फोनवर आई लगेच गहिवरते, बाबा दोन वाक्ये बोलून फोन आईकडे देतात आणि मुद्द्याचे तेवढे राहून जाते, म्हणून पत्रच लिहीत आहे. छोटीला आम्ही वरचे अन्न सुरू केले आहे. तुम्ही येईपर्यंत थांबलो नाही. आई, हे वाचून तुझे मन खट्टू होईल याची मला कल्पना आहे, पण आधी कारणे ऐकून घे आणि मग हवे तेवढे रागव.

मुलीचे उष्टावण विषम महिन्यात, म्हणजे पाचव्यात करावे, असे तुझे म्हणणे होते. पाचव्या महिन्यात तिने मान धरली होती खरी, पण उशीच्या आधाराने बसवले तरी ती एका अंगाला कलायची आणि औषधाचा थेंब दिला तरी जिभेने बाहेर ढकलायची. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ अंगावरचे दूध द्यावे, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच सल्ला आहे. सहा पूर्ण झाले की सातवा लागतो, तेव्हा तुझा विषम महिनाही आपोआप साधला गेला. मात्र त्यापुढे लांबवणे बरे नव्हते, कारण बाळ जन्मताना लोहाचा जो साठा घेऊन येते तो या सुमारास संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह फार थोडे असते. शिवाय २६ आठवड्यांच्या रजेला जोडून घेतलेली माझी हक्काची रजाही आता संपत आली आहे. मी ऑफिसात असताना तिने सासूबाईंच्या हातून खायचे असेल, तर ती सवय मी घरात असतानाच लागायला हवी. आणि बाबांना वाकू नका, जड उचलू नका असे बजावलेले असताना, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत घालत तुम्ही गाडीच्या गर्दीतून यावे, हे मला कसे पटणार होते?

पण उष्टावण केलेले नाही. चांदीची वाटी अजून कपाटातच आहे आणि पाटावर बसवून, औक्षण करून, मामाच्या हातून घास भरवायचा तो तुम्ही आल्यावरच. हॉल घ्यायचा नाही, घरातल्या घरात करायचे, एवढे मात्र आम्ही ठरवून टाकले आहे.

ती काय खाते ते सांगते. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, किंचित भाजून मी रवाळ दळून ठेवली आहे. त्याचा मऊ भात शिजवून वर साजूक तूप घालते. सुरुवातीला दोन-तीन चमचेच, तेही निम्मे हनुवटीवर. तू पाठवलेले नाचणीचे सत्त्व तर डॉक्टरांना फारच आवडले. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते हे मला ठाऊक होते, पण मोड आणल्यामुळे तिची लापशी कमी घट्ट होते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते, हे त्यांनी समजावले. तू भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून, दळून पुन्हा मलमलीच्या फडक्यातून गाळत बसतेस, तेव्हा मी ‘एवढा खटाटोप कशाला’ म्हणायचे. बरणीवरची तुझी तिरक्या अक्षरातली चिठ्ठी मी काढलेली नाही.

दादाला तिसऱ्या महिन्यापासून वरणाचे पाणी दिले आणि तो काय वाढला नाही का, असे तू म्हणशील. वाढला, चांगला आडवा वाढला. पण पाण्याने एवढेसे पोट भरते आणि अंगी फारसे काही लागत नाही. चमचा तिरका केला तर ओघळून जाणार नाही, इतपत दाट हवे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, म्हणून तुपाला मी नाही म्हणत नाही.

मधाला मात्र नाहीच, बोटभरसुद्धा नाही. बाबांच्या मित्राकडचा मध कितीही शुद्ध असला तरी त्यात काही वेळा एका जिवाणूची बीजे असतात. तुम्हा-आम्हाला त्यांचा त्रास होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. मीठ आणि साखरही वर्षापर्यंत तिच्या ताटात नको, आणि अंगावरच्या दुधाऐवजी गाईचे दूधही वर्षापर्यंत नको. उष्टावणाची खीर तू नेहमीसारखी कर, फक्त साखर घालण्याआधी तिच्यापुरती दोन चमचे काढून ठेव, त्यात मी केळे कुस्करून घालीन. बाबांची वाटीही त्याच वेळी बाजूला काढावी, साखरबंदी त्यांनाही आहे.

आई, मागच्या पडवीच्या पायरीवर बसवून तू मला दहीभात भरवायचीस, चिऊचा घास, काऊचा घास करत, आणि मी तोंड घट्ट मिटले की बाबा गोठ्यातून वासराचा आवाज काढायचे. आजही ताप आला की मला तोच भात हवासा वाटतो. तरीही सांगते, छोटीने तोंड फिरवले की वाटी खाली ठेवायची. कधी कधी ती घास घेताना उबळ आल्यासारखे करते, तोंड लाल होते. खोकल्याचा आवाज येत असेल तोवर घाबरून तोंडात बोट घालू नकोस, ती स्वतः बाहेर काढते. आवाजच बंद झाला तर मात्र मला तत्काळ हाक मार. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे तिच्या हाताला लागतील अशी कुठेही ठेवू नयेत. बाबा, खिशातले दाणेसुद्धा.

तुमची इकडे आबाळ होणार नाही. लिफ्ट सुरू आहे, कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घेतला आहे आणि आईच्या गुडघ्यांसाठी ओट्यापाशी उंच खुर्ची आणली आहे. बाबांना सकाळी कोपिनेश्वराला जाऊन तलावपाळीवर एक फेरी मारता येईल, ऊन चढायच्या आत आणि काळा चष्मा लावूनच.

डोळ्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली की दादाने मांडवीची तिकिटे काढावीत, त्याआधी नाही. थेंबांच्या बाटल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सामानात न टाकता आईच्या पिशवीत ठेवाव्यात. तांदूळ, नारळ, कोकम काहीही उचलून आणू नये, जांभळी नाक्याला सगळे मिळते. नाचणीचे सत्त्व मात्र आण, मोठी बरणी भरून.

कळावे,
तुमची माई