बालगृहातली रात्रपाळी

मा. संपादक,

बालगृहांतल्या नव्या काळजीवाहकांना रात्रपाळी शिकवायला हवी. कोकणात पावसाळ्यात वीज जाते आणि आघात सोसलेले मूल अंधारात किंचाळत उठते. त्याला मागून धरू नये. दोन हात दूर, खाली बसून हळू नाव घ्यावे, आपण कोण ते सांगावे, बॅटरीचा झोत जमिनीकडे ठेवावा. अंथरूण ओले असेल तर चादर गुपचूप बदलावी. कधी उठले, कशाने शांत झाले, हे वहीत लिहावे. नाहीतर सकाळच्या पाळीला ते मूल नुसते ‘हट्टी’ वाटते. शिस्तीसाठी मारणे हा तर गुन्हाच आहे (बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ८२). आणि माणसे दर महिन्याला बदलली तर मुलाने विश्वास ठेवायचा कुणावर?

– काही काळजीवाहक, रत्नागिरी