अंधत्वावरच्या बातमीत आजाराचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकोपचारामुळे, म्हणजे सदोष जनुकाची चांगली प्रत पेशींत पोचवल्यामुळे, अंधांना दिसू लागल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासण्या करणे हे माझे काम. अशी बातमी आली की काचबिंदूचे रुग्ण कात्रण घेऊन येतात आणि 'हे मला चालेल का?' असे विचारतात. काहींनी तेवढ्या आशेवर रोजचे थेंब घालणेही सोडलेले असते.

अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळालेला तो उपचार आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषासाठी आहे. दोष आई आणि वडील अशा दोघांकडून आलेला असावा लागतो, शिवाय डोळ्याच्या पडद्यातल्या पुरेशा पेशी जिवंत असाव्या लागतात. अशा रुग्णांना मंद उजेडात अडथळे चुकवून चालता येऊ लागले, हे खरोखरच मोठे काम आहे. पण काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच हळूहळू मरते आणि मेलेली नस आज कुठल्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पुन्हा जिवंत होत नाही. मथळ्यात नुसते 'अंधत्व' छापले की प्रत्येक जण आपलाच आजार त्यात वाचतो. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग बदलून नजर परत येते, म्हणून लोकांना वाटते, सगळ्याच आजारांत तसे होत असेल.

म्हणूनच निदानावरचे संशोधन मला जास्त मोलाचे वाटते, आणि नेमके तेच छापून येत नाही. काचबिंदूसाठी नजरेचा परीघ मोजतात, त्या तपासणीत रुग्ण हनुवटी टेकवून एका पांढऱ्या अर्धगोलात बघत बसतो. एक डोळा झाकलेला, दुसरा मधल्या ठिपक्यावर स्थिर. कडेला कुठेतरी बारीक उजेड चमकला की बटण दाबायचे. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचणारा माणूस इथे वरच्या कोपऱ्यातले उजेड एकामागून एक सोडून देतो. छापील नकाशावर तिथे काळा डाग उमटतो, आणि तो म्हणतो, 'मला तर सगळे नीट दिसते.' त्याचे खरेच असते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेली मेंदू. दुखत तर काहीच नाही.

१९९१ मध्ये जगापुढे आलेल्या ओसीटी तंत्राने असा डाग उमटेपर्यंत वाट पाहणे कमी केले. डोळ्याला हात न लावता, नुसत्या प्रकाशाने, पडद्याच्या थरांची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजता येते. पुष्कळ रुग्णांत नकाशावर डाग पडण्याआधीच नसेचे तंतू पातळ झालेले त्यात दिसतात. तेव्हाच थेंबांनी डोळ्यातला दाब उतरवला तर उरलेली नजर टिकवता येते.

२०१८ मध्ये अमेरिकेने मधुमेहींच्या पडद्याचे फोटो तज्ज्ञाशिवाय तपासणाऱ्या संगणकीय प्रणालीला परवानगी दिली. नेत्रतज्ज्ञ दूर असेल तिथे हा मोठा आधार आहे. मात्र ती मधुमेहाने पडद्यात झालेला बिघाड शोधते, काचबिंदू नाही. आणि फोटो पुरेसा स्पष्ट नसेल तर निकालच देत नाही. या मर्यादा बातमीत आल्या नाहीत, तर 'मशीनने डोळे तपासले, सगळे ठीक आहे' असे समजून माणूस निर्धास्त राहील.

उपचारांची तुलना करणारे संशोधनही असेच मागे राहते. उतारवयात काहींच्या पडद्याचा मध्यभाग सुजतो, त्यावर डोळ्यात देण्याच्या दोन इंजेक्शनांची अमेरिकेत सरकारी खर्चाने तुलना झाली. तेव्हा एकाची मात्रा सुमारे २,००० डॉलरची होती, दुसऱ्याची साधारण ५० डॉलरची. २०११ मध्ये निकाल आला: सारख्याच वेळापत्रकाने दिल्यास नजरेवर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच. हे इंजेक्शन वारंवार घ्यावे लागते, त्यामुळे कित्येकांचा उपचार पैशांअभावी मध्येच तुटतो. त्यांच्यासाठी याहून मोठी बातमी कुठली?

आपल्याला विनंती एवढीच, की अशा बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच आजाराचे नाव छापावे. प्रयोग प्राण्यांवर झाला की माणसांवर, आणि उपचार मिळू लागला आहे की अजून चाचणीत आहे, तेही तिथेच सांगावे. शिवाय चालू असलेले थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, अशी एक ओळ खाली द्यावी. पुढच्याच बातमीपासून हे करता येईल.

आपली,
एक वाचक, नेत्रतपासणी तंत्रज्ञ