सरांच्या वह्या आणि नवी 'शारदा' : सभासदांना व रंगप्रेमींना आवाहन

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

सोमवारच्या कार्यकारिणीत ठरले, की हे आवाहन आठ दिवसांच्या आत सर्वांच्या हाती पडले पाहिजे. म्हणून रात्री जागून लिहीत आहे. लांबले आहे, पण पूर्ण वाचा. पैसे मागायचे आहेतच. त्याशिवाय आणखी एक गोष्ट मागायची आहे आणि ती पैशांपेक्षा अवघड आहे.

सरांची ओळख आपल्याला करून द्यायला नको. १९६८ साली 'संशयकल्लोळ'च्या तालमीला सतरंज्या अंथरायला आलेला हा माणूस १९७४ पासून आपल्या कोल्हापूरच्या नाट्यमंडळाची नाटके बसवतो आहे. नवी नाटकेही त्यांनी केली, पण जीव अडकला तो देवल, खाडिलकर, गडकरी, कानेटकर, शिरवाडकर यांच्यात. प्रत्येक वेळी संहिता पहिल्या पानापासून पुन्हा स्वतःच्या हाताने उतरवायची, हा त्यांचा नेम. नटांनीही आपापली नक्कल हातानेच लिहायची. कोणी झेरॉक्स काढून आणली, तर सर ती शांतपणे परत देत आणि म्हणत, "बाळा, हे मशीनला पाठ झालंय, तुला नाही."

त्या उतरवलेल्या संहितांच्या एकतीस वह्या आज मंडळाच्या कपाटात आहेत. काही दोनशे पानी, काही लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या पेढीवरून आलेल्या, लाल पुठ्ठ्याच्या कोऱ्या रोजकिर्दी. उजव्या पानावर संवाद आणि डाव्या पानावर सरांच्या खुणा. तांबडी उभी रेघ म्हणजे श्वास. निळा गोल म्हणजे थांबा. बाणाला शेपूट असेल तर नट अख्खा वळणार, नसेल तर नुसती मान. एवढे आम्हाला ठाऊक होते. पुढचे काहीच ठाऊक नव्हते, हे या वर्षी कळले. मी आणि दोघे जुने सहकारी देवलांच्या 'शारदा'ची वही घेऊन सलग तीन संध्याकाळी बसलो. अकरा पानांच्या पुढे जाता आले नाही. जागोजागी 'पा.' लिहिले आहे. पाणी? पाऊल? पाठ? चौथ्या दिवशी वही घेऊन सरांकडे गेलो, ओळ मोठ्याने वाचली, तर क्षणात उत्तर आले. "पाठ. इथं तिची पाठ प्रेक्षकांकडं. बाप तिचा सौदा करतोय आणि तिचा चेहरा दिसतोय, म्हणजे प्रेक्षक चेहरा बघत बसणार. बापाला कोण ऐकणार?"

त्या एका 'पा.'मागे एवढे होते. अशा खुणा हजारोंनी आहेत.

आणि सरांची नजर गेल्या पावसाळ्यापासून फार उतरली आहे. काचबिंदू आहे. भिंग धरूनही स्वतःचे अक्षर त्यांना लागत नाही. वय चौऱ्याऐंशी. वह्या आहेत, वाचणारे आपण आहोत, पण अर्थ सांगणारा एकच माणूस आहे, आणि तो सकाळी नऊ ते अकरा एवढाच वेळ नीट बोलू शकतो. नंतर आवाज बसतो. हे सारे मी रंगवून सांगत नाही. ज्यांनी अलीकडे त्यांना भेट दिली आहे, त्यांना विचारा.

सर बोलतात काय, याचा थोडा नमुना द्यावा म्हणतो, म्हणजे आम्ही कशासाठी धडपडतो आहोत ते लक्षात येईल.

जुने संगीत नाटक रात्रभर चालायचे. आज तीन तासांत बसवायचे, तर कात्री लागणारच. सगळे जण कात्री घेऊन पदांवर तुटून पडतात. सरांचा हिशेब वेगळा आहे. जे गद्यात सांगून झाले तेच पदात पुन्हा आले असेल, तर पद काढा. जे त्या माणसाला बोलून सांगताच येत नाही, ते पद मेलो तरी काढू नका. 'शारदा'मधले 'मूर्तिमंत भीति उभी' हे त्यांच्या मते असे पद. ती मुलगी घाबरली आहे हे संवादातून कळते, पण ती भीती केवढी आहे हे सुरातच कळते. तिथे वन्स मोअर आला तरी घ्यायचा नाही, असा दंडक होता. "वन्स मोअर घेतला की शारदा उठून जाते आणि गाणारी बाई उरते," असे सर म्हणतात. पहिल्या प्रयोगाला यावरून प्रेक्षक रागावले होते. पुढच्या रांगेतले काही जण उठूनही गेले. सरांनी दंडक मोडला नाही.

आणि १९८६ची 'शारदा'! ती पाहिलेले वाचकांत पुष्कळ असतील. तोवर आपल्याकडेही पंचविशीतली, कसलेल्या गळ्याची बाईच शारदा व्हायची. नाटक १८९९चे, बाला-जरठ विवाहाचे, म्हणजे लहान मुलीच्या म्हाताऱ्याशी लग्नाचे. त्यात बालाच नसली तर उरते काय, हा सरांचा प्रश्न. त्यांनी मंगळवार पेठेतली नववीतली मुलगी उभी केली. तिच्या गळ्याला पेलतील तेवढीच पदे ठेवली. आपल्याकडच्या बायकांसारखी ती विंगेत 'मी आलो', 'मी गेलो' म्हणायची. रंगमंचावर पाऊल टाकले की 'मी आले'. हे वळण लावायला दोन महिने गेले. सरांनी तिचे बोलणे कधी हसण्यावारी नेले नाही आणि इतर कुणाला नेऊ दिले नाही. म्हाताऱ्या वराची, भुजंगनाथाची भूमिका करणाऱ्या नटाला एकच सूचना होती : तू म्हातारा नाहीस, तू नवरदेव आहेस, मनापासून लग्नाला निघालास. पहिल्या अंकात थिएटर त्याला खदाखदा हसले. मग ती एवढीशी पोर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हशा जागच्या जागी थांबला. मी तेव्हा प्रॉम्प्टिंगला होतो. आठशे माणसांचे हसू एकदम थांबते तेव्हा कसा आवाज होतो, तो मी ऐकला आहे.

गडकऱ्यांविषयी सर दिवसभर बोलू शकतात. 'एकच प्याला' १९१९ साली रंगमंचावर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते, पदे वि. सी. गुर्जरांची आहेत, म्हणून सर त्या नाटकातल्या गद्याकडे फार बारकाईने पाहत. गडकऱ्यांचे लांबलचक वाक्य दम लागला म्हणून तोडायचे नाही, अर्थ वळतो तिथेच तोडायचे. तांबड्या रेघा सर्वांत दाट आहेत त्या याच वहीत. नायिका सिंधूच्या दळणासाठी त्यांनी खरे दगडी जाते आणवले होते. पुठ्ठ्याचे जाते फिरवणारा हात खोटा दिसतो आणि मग सिंधूची गरिबीही खोटी होते, असे त्यांचे म्हणणे. ते जाते चौघांनी उचलून विंगेत ठेवावे लागे.

खाडिलकरांचे 'मानापमान' मात्र त्यांनी एकदाच केले आणि पुन्हा हात लावला नाही. त्याच्या चाली आपल्याच सांगवड्याच्या गोविंदराव टेंब्यांच्या. "गाणारी माणसं मिळाली तर करा, नाहीतर टेंब्यांचा अपमान करू नका," एवढेच. या मताशी मी सहमत नाही, आणि हे त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण त्यांची कारणे नोंदली गेली पाहिजेत.

आता 'शारदा' पुन्हा का, ते सांगतो. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात उभारलेले पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी ९ तारखेला संगीतसूर्य केशवरावांची जयंती. आम्ही हार सांगून ठेवला होता. सरांना नको म्हटले तरी ते आले आणि खासबागेच्या बाजूला पहाटेपर्यंत उभे होते. दिसत फारसे नव्हते, पण उष्णता तोंडाला लागत होती. परतताना रिक्षात एवढेच म्हणाले, "केशवराव लहानपणी शारदा करायचे. पडदा पुन्हा उघडेल तेव्हा आपण शारदा करू." ते आम्ही शब्दशः धरले आहे. मुले निवडायची, तालमी सरांसमोर घ्यायच्या, जुनी वही पानापानाने उलगडायची आणि हे सारे चित्रित करून ठेवायचे. नाटक बसेल आणि वहीही वाचली जाईल.

इथवर मंडळ आले ते कोणाच्या बळावर, हे सांगितल्याशिवाय मागणे मागणार नाही. १९८६च्या लग्नाच्या प्रवेशासाठी हुपरीच्या कारागिरांनी खऱ्या चांदीचे दागिने विश्वासावर दिले आणि पंचवीस प्रयोगांत एक घुंगरूही हरवले नाही. पडद्याचे कापड इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यांनी दिले. तो पडदा एकोणीस वर्षे टिकला. उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्या काकांनी लाइटची स्टँडे ओतून दिली, त्यांचे बिल अजून आलेले नाही आणि आता ते काकाही नाहीत. शुक्रवार पेठेतल्या आजी पावसाळी तालमींना पातेलेभर चहा पाठवत, तो त्यांच्या सूनबाई आजही पाठवतात. २०१९च्या पुरात आमच्या गोदामात छातीएवढे पाणी आले, नऊ वह्या भिजल्या. कॉलेजची मुले होती, त्यांनी पानापानांत टीपकागद घालून, आळीपाळीने पंखा फिरवून त्या सुकवल्या. त्यांपैकी दोघे आता परदेशी आहेत आणि दर गणपतीला न चुकता देणगी पाठवतात. आणि या खेपेची पहिली देणगी कुणाची, तर त्याच नववीतल्या शारदेची. ती आता आजी झाली आहे. मी शब्द टाकण्याआधीच तिने पाच हजार रुपये आणून दिले.

दुसरी बाजूही लिहितो, कारण मनात आहे. दोन वर्षांपूर्वी याच वह्यांसाठी चारशे पत्रे वाटली होती. उत्तरे सात आली. एका संस्थेने वह्या पाहून सांगतो म्हणून नेल्या. आठ महिन्यांनी परत आल्या, तेव्हा गठ्ठ्याची दोरी मी मारलेल्या गाठीतच होती. सरांना ते मी सांगितलेले नाही. आगीच्या रात्री रडणारी माणसे पाहिली आहेत, त्यांचे रडणे खरे होते याबद्दल मला शंका नाही. त्यांनी आता आमच्या दारात यावे एवढीच विनंती आहे. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव आणि बालगंधर्व 'संयुक्त मानापमान'साठी एकत्र उभे राहिले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन धुरंधरांना ते जमले. आपल्या पेठापेठांना एवढ्यासाठी एकत्र येणे जड जाऊ नये.

तपशील : एकूण खर्च ६,८०,००० रु. पैकी 'शारदा' निर्मिती ४,०५,०००, चित्रीकरण व ध्वनिमुद्रण १,६०,०००, वह्यांचे स्कॅनिंग व जतन ७०,०००, ऑर्गनची दुरुस्ती (भाता उंदरांनी कुरतडला आहे) ४५,०००. जमा १,९०,०००. हवेत ४,९०,०००. मुदत ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. रक्कम रोख, धनादेश वा क्यूआर कोडने, कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८, रविवारी बंद. पावती त्याच वेळी मिळेल, नाव नको असल्यास तसे सांगावे. जुन्या प्रयोगांचे फोटो, हस्तपत्रके, कॅसेट असल्यास द्या, प्रत करून मूळ परत देऊ. नऊवारी साड्या, पगड्या, उपरणी चालतील.

आणि आता ती अवघड गोष्ट. वेळ हवा आहे. सरांना वही मोठ्याने वाचून दाखवायला आणि ते सांगतील ते लिहून घ्यायला रोज दोन माणसे लागतील, सकाळी नऊ ते अकरा, निदान चार महिने. मोडी नको, गाणे नको, नाटकाचा अनुभवही नको. अक्षर स्वच्छ हवे आणि 'परत सांगा' म्हणायची लाज नको. निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुले, घरच्या कामातून मोकळ्या होणाऱ्या भगिनी, कोणीही या. आठवड्यातला एक दिवस दिलात तरी पुरे. सध्या आमच्याकडे पाच नावे आहेत, निदान चौदा हवीत. नावे मंगळवारपर्यंत कार्यालयात द्या, पहिली बैठक पुढच्या गुरुवारी सरांच्या घरी. चपला बाहेर, मोबाईल बंद, सोबत तांबडी आणि निळी अशा दोन पेन्सिली आणाव्यात.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)