डग्गा परत आणणाऱ्या दादांना

दादा,

पुण्याच्या नाना पेठेत तुमच्याकडे आले तेव्हा मला फक्त गाडीसाठी नवा स्टिरिओ विकत घ्यायचा होता. तुम्ही पहिला दीड तास काहीच विकलं नाही. आधी गाडीत बसून ऐकलंत. हे पत्र त्या दीड तासासाठी आहे. नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून दादाच म्हणते.

तुम्हाला तेव्हा गडबडीत सगळं सांगता आलं नाही. बाबा 74 वर्षांचे आहेत. तरुणपणी तबला शिकले, पुढे कितीतरी वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात रात्र रात्र बसून ऐकलं. आता गुडघ्यांमुळे बाहेर जाणं कमी झालंय. सलग गाणं ऐकण्याची त्यांची हक्काची जागा म्हणजे आमची गाडी, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जाता-येताना. म्हणूनच गेल्या दिवाळीत मी एका दुकानातून नऊ इंची अँड्रॉइड सेट बसवून घेतला होता. खोक्यावर 50 वॅट गुणिले 4 लिहिलेलं, पडदा झकास, आवाज दणदणीत. आणि दुसऱ्याच फेरीला बाबा म्हणाले, "हा तबलजी एकाच हाताने वाजवतोय. बंद कर."

मला वाटलं, वयामुळे कान मंदावले असतील. दादा, हे मनात आल्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. कारण बाबांचं ऐकणं अगदी बरोबर होतं आणि ते पहिल्यांदा तुम्ही मान्य केलंत. तुम्ही बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेलात, डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताने वाजणारा खालच्या सुरांचा भाग, ऐकू आला. पूर्ण डावीकडे नेलात, तरीही आला. मधोमध आणला की गायब. "एक स्पीकर उलटा जोडलाय," तुम्ही म्हणालात आणि सेट बाहेर काढलात. मागे वायरी जोडायचा तयार प्लग, म्हणजे कपलर, कापून वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली. करडी वायर प्लस आणि काळ्या रेघेची करडी मायनस, त्यांचीच अदलाबदल झाली होती. दीड व्होल्टचा साधा सेल टेकवून तुम्ही मला दाखवलंत, डाव्या दारातला कोन बाहेर येतो आणि उजव्यातला आत जातो. एक हवा ढकलतोय, त्याच क्षणी दुसरा ओढतोय, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतायत. दोन वायरी बदलल्या आणि डग्ग्याचा घुमारा परत आला. गाडी रेस केली की चढणारी शीळही अर्थिंग नीट बसवल्यावर थांबली.

या कामाचे तुम्ही किती घेतलेत ते लिहीत नाही, लोक तेवढ्यातच मागायला लागतील.

तरी मला सेट बदलायचाच होता. तेव्हा तुम्ही जे केलंत ते मी आता गाडीत काही बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगते. नवा टू-डिन (दुप्पट उंचीच्या खाचेत बसणारा) सेट जोडल्याबरोबर मी म्हणाले, "केवढा फरक!" तुम्ही मान हलवलीत. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप सीटच्या डोक्याशी धरलंत आणि दोन्ही सेटचा आवाज एका पातळीवर आणलात. लाउडनेस बंद, बेस-ट्रेबल शून्यावर, ब्लूटूथ नाही, पेन ड्राइव्हवरची गाण्याची तीच फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) फाइल, तोच दोन मिनिटांचा तुकडा. जो सेट थोडा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, हे मला तेव्हा कळलं. माझा "केवढा फरक" बराचसा विरला. उरला तो मात्र खरा होता: तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, आता आवाजाच्या मागे सलग ऐकू येत होती, आधी ती गायकाने तान घेतली की बुडायची.

वॅटचा हिशेबही तुम्ही तिथेच सांगितलात. बाहेर वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर गाडीच्या विजेवर आतल्या चिपमधून एका स्पीकरला सलग 15 ते 20 वॅटच मिळतात, 50 हा आकडा क्षणभराचा. आणि बाबांसाठी तेवढं पुरे आहे, असं म्हणून महागडे स्पीकर तुम्ही पुन्हा कपाटात ठेवलेत.

मग टेप घेऊन मोजमाप. चालकाच्या कानापासून उजवा स्पीकर 90 सेंटिमीटर, डावा 140. या अर्ध्या मीटरला आवाजाला साधारण दीड मिलिसेकंद जास्त लागतो, म्हणून जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा. तो दिल्यावर गायक उजव्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसला. मी तेवढ्यावर निघाले असते. तुम्ही विचारलंत, "पण ऐकणार कोण?"

"बाबा," मी म्हणाले. मग तुम्ही स्वतः डाव्या सीटवर बसलात, पुन्हा टेप लावलीत, आणि सगळी मापं उलटी करून बाबांच्या सीटसाठी वेगळं सेटिंग जतन केलंत. हाय-पास, म्हणजे ठरावीक आकड्याखालचे सूर स्पीकरकडे जाऊ न देणारी गाळणी, बहुतेकजण 80 हर्ट्झवर ठेवतात, तो डग्ग्यासाठी 63 वर आणलात, स्पीकर फाटत नाही ना हे दोनदा तपासून.

परवाच्या फेरीला बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते. डावा हात मांडीवर, मनगट घासत होतं; डग्ग्यावर मींड काढताना जसं घासतात तसं. त्यांचा हात असा हललेला मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. घरासमोर गाडी आली, मी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब जरा. द्रुत संपू दे."

दादा, तुमची मनापासून आभारी आहे. पुढच्या महिन्यात बाबांनाच घेऊन येते. तुमच्याशी डग्ग्याच्या शाईबद्दल बोलायचंय म्हणतात.

तुमची,
डाव्या सीटवाल्या बाबांची मुलगी