फुललेला समुद्र खातं कोण?

कराड, जि. सातारा

प्रिय नंदू,

गुहागरचा व्हिडिओ मिळाला. लाट फुटताना दिसणारा निळा उजेड बहुधा नॉक्टिल्युकाचा. पाणी हललं की हा एकपेशी जीव चमकतो. पण तू विचारलंस ना, समुद्रात हे एवढं जीवांचं पीक येतं कुठून आणि नंतर जातं कुठं, त्यातलं ‘जातं कुठं’ मला फार आवडलं. म्हणून हे पत्र.

येतं कसं, ते थोडक्यात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. नद्या सिलिका (काच जिची बनते ते द्रव्य) आणतात, ती डायॅटमना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशी शैवालांना, कवचासाठी लागते. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. आपल्या पाटणच्या काळ्या दगडातलीही थोडी सिलिका तुझ्याकडे पोचत असणार!

मग डायॅटम फुलतात, म्हणजे भराभर वाढतात. काही नॉक्टिल्युकासारखे जीव खातात, बरंच जिवाणूंच्या वाट्याला येतं. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख जिवाणू असतात. डायॅटम आपली साखर लॅमिनारिन नावाच्या लांब साखळीत साठवतात. ते मेले, फुटले की ती पाण्यात येते आणि तिच्यावर जिवाणू तुटून पडतात.

जर्मनीतल्या हेल्गोलँड बेटाजवळ २००९ च्या वसंतात संशोधकांनी हे नीट टिपलं. जिवाणूंच्या एका गटाची संख्या वाढते, ओसरते, मग दुसऱ्याची पाळी. आपल्याकडे ऊसतोडीत मोळ्या कारखान्याला, वाडं जनावरांना आणि मागं पाचट उरतं, तसंच काहीसं: सोपी साखर आधी संपते, किचकट साखळ्या रेंगाळतात. पुढच्या वर्षांत डायॅटमच्या जाती बदलल्या, तरी जिवाणूंचे तेच मोठे गट पुन्हा पुन्हा आले. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता विचार करत बसलो होतो.

त्यातले काही कसे जेवतात ते ऐक. साखळीचे मोठे तुकडे आपल्या अंगावरच तोडायचे आणि पाण्यात सांडू न देता लगेच पेशीच्या आवरणाच्या आत ओढून घ्यायचे; बारीक चिरफाड आत. शेजाऱ्याला कणही नाही. पण सगळेच असे नाहीत. अनेक शैवालांना बी-१२ जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, ते जिवाणूंकडून मिळतं. म्हणजे जगवणारेही जिवाणू आणि मेल्यावर संपवणारेही. समुद्राच्या वासातला मोठा भाग असलेला गंधकाचा वायूसुद्धा शैवालातल्या एका पदार्थापासून हेच बनवतात.

फुलोरा फार मोठा झाला तर तो कुजवताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. तुमच्या बंदरावरच्या माणसांच्या पोटाशी येणारी गोष्ट आहे ही, म्हणून मी एवढा पोटतिडकीने लिहितोय.

हेल्गोलँडला १९६२ पासून कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी पाणी उचलून तपासतात. आपल्या खाड्यांवरही असं व्हायला हवं, आणि सुरुवात तुझ्या शाळेतली मुलं करू शकतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी: तारीख, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग, तापमान, वास, रात्री उजेड दिसला का. थर्मामीटर मी पाठवतो. दिवाळीच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शक घेऊन कुंभार्ली घाटातून येतो. मुलांना डायॅटम मीच दाखवणार, ते काम तू करायचं नाहीस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर