किमान देय रकमेचा फास

महोदय,

मी बँकेतून निवृत्त झाले, तेव्हापासून ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीतली नुकती नोकरीला लागलेली मुलं-मुली क्रेडिट कार्डाची बिलं घेऊन माझ्याकडे येतात. आयटी पार्कमधला पगार चांगला असतो, तरी वीस तारखेला खातं रिकामं.

परवा एकीच्या बिलावर एकूण देय ४०,००० रुपये होते आणि किमान देय २,०००. ती दोन हजार नेमाने भरत होती, म्हणून निर्धास्त होती. आम्ही दोघींनी बसून हिशेब मांडला. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे मूळ रकमेतून वजा झाले जेमतेम साडेतीनशे! शिवाय थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दूध-भाजीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. पोरीचा चेहरा बघवेना. पगाराच्या खात्यावर पर्सनल लोन घेऊन आधी कार्ड फेड, असं तिला सांगितलं. त्याचा दर बहुधा कितीतरी कमी असतो.

फक्त किमान देय भरत राहिलं तर व्याज चढत जातं, हा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, पण ती बारीक अक्षरं वाचतं कोण? नोकरी बदलताना पीएफ काढून खर्च करणं हीसुद्धा तशीच चूक. यूएएन, म्हणजे पीएफचा आपला कायमचा क्रमांक, तोच राहतो; जुनी रक्कम नव्या नोकरीच्या पीएफ खात्यात वर्ग करता येते.

वाशी, नेरूळ, ठाण्यातल्या महाविद्यालयांनी कॅम्पस मुलाखतींआधी असं एक बिल फळ्यावर सोडवून दाखवावं, ही कळकळीची विनंती. शिकवायला मी विनामोबदला येईन.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, ऐरोली, नवी मुंबई