किल्लारीची पहाट आणि आदल्या दिवसाची मिरवणूक

मा. संपादक,
स. न.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारी भूकंपाच्या बातम्या छापून येतात आणि माझी आई त्या दिवशीचा पेपर न वाचताच घडी करून ठेवते. १९९३ साली आमचं घर त्याच पट्ट्यात होतं. पहाटे चारच्या सुमाराचा तो आवाज, अंगावर आलेली माळवदाची माती, दावणीला हंबरणारी म्हैस, हे सगळं तिला आजही क्रमाने सांगता येतं. आदल्या दिवशीच गावातल्या गणपतीचं विसर्जन झालं होतं. आरतीचं ताट तिच्याच हातात होतं, असं मामी सांगते. आईला त्यातलं काहीच आठवत नाही. मध्ये फक्त काही तास गेले होते.

"किती वर्षं तेच उगाळत बसणार? चांगलं आठवावं माणसानं," असं तिला घरीदारी ऐकावं लागतं. हे पत्र त्याबद्दल आहे. जिवावर बेतलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग खडबडून जागा होतो आणि त्या घडीची आठवण पक्की करून घेतो. मिरवणुकीत कशाची भीती नव्हती, ती कच्चीच राहिली. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांपैकी फळाचं झाड विसरलेला एक दिवस उपाशी राहिला असेल, पण वाघाची जागा विसरलेला परत आला नसेल. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली कितीतरी अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नात्यांत, शिकण्यात, आठवणींत, जवळपास सगळीकडे वाईटाचाच ठसा खोल निघाला. आई काही जगावेगळी नाही.

ती अजून उशाशी बॅटरी ठेवते, जड छताखाली तिला झोप लागत नाही. त्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, सुमारे दहा हजार जीव गेले. तिची भीती खोटी कशी म्हणायची?

गेल्या वर्षी मी तिला "विसर" म्हणालो नाही. विचारलं, "बाहेर काढल्यावर पहिलं पाणी कुणी दिलं गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग शेजारच्या तांड्यावरून घागर घेऊन आलेल्या बाईबद्दल बोलू लागली. तिनं स्वतःचं लुगडं फाडून आईच्या डोक्याला बांधलं होतं. पुढे परगावाहून आलेल्या भाकरी इतक्या वाळलेल्या होत्या की पाण्यात भिजवून खाल्ल्या, हे सांगताना आई चक्क हसली. इतक्या वर्षांत हे आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

या ३० सप्टेंबरला आपल्या वार्ताहरांनी गावोगावी हाही प्रश्न विचारावा, एवढी विनंती आहे. आईच्या पिढीतली माणसं आता फार उरलेली नाहीत.

– एक वाचक, लातूर